सूत कोणाचे, गाणे कोणाचे?
स्वतःची गाणी वाजविणाऱ्या बँडचा अर्थ यंत्रमागाच्या शहरातून समजून घेताना

आमच्या प्रतिनिधीकडून, भिवंडी

भिवंडीत ‘बँड’ हा शब्द उच्चारला की लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते. आसपासच्या आगरी गावांमध्ये हळदीच्या रात्री बेंजो पार्टी लागते. शहरातील हौशी मंडळींचा ऑर्केस्ट्रा असतो, तो गणेशोत्सवात आणि वाढदिवसांना जुनी-नवी चित्रपटगीते सादर करतो. या सर्वांचे काम सुपारीवर चालते. तारीख ठरते, विसार घेतला जातो आणि यजमानाला जी गाणी हवी असतात ती वाजविली जातात. त्यात कमीपणा काहीच नाही. रात्रभर गर्दीला उभे ठेवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

धामणकर नाक्यावरील एका चहाच्या टपरीपाशी महाविद्यालयीन तरुणांच्या एका गटाने मात्र वेगळाच प्रश्न प्रस्तुत प्रतिनिधीला विचारला. त्यांच्याकडे दोन गिटार, एक कीबोर्ड आणि उसनवारीचा ड्रमसेट आहे. इंटरनेटवर परदेशी वाद्यवृंदांविषयी वाचताना त्यांना वारंवार ‘एक्स्पेरिमेंटल अल्टरनेटिव्ह रॉक’ असे बिरुद आढळते आणि त्यापुढे बहुधा अमुक गायक-गीतकाराच्या नेतृत्वाखालील बँड, असा उल्लेख असतो. ‘म्हणजे नक्की काय? आणि आपल्याकडे असे कोणी केले आहे का?’ प्रश्न साधा होता, पण उत्तर टपरीवर उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

बिरुदातील एकेक शब्द सुटा करून पाहू. रॉक म्हणजे स्थूलमानाने इलेक्ट्रिक गिटार, बास गिटार, ड्रम आणि आवाज यांवर उभे असलेले संगीत. ते अमेरिकेत १९५० च्या दशकात आकाराला आले. प्रायोगिक म्हणजे ठरलेली घडी मोडणारे. गाण्यात ध्रुवपद यायलाच हवे काय, ताल आठ मात्रांचाच हवा काय, वाद्य म्हणजे दुकानात मिळते तेच काय, असे प्रश्न विचारणारे. आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. राहुलदेव बर्मन यांनी १९७३ च्या ‘यादों की बारात’मध्ये काचेच्या पेल्यावर चमचा वाजवून घेतला आणि १९७५ च्या ‘शोले’मध्ये बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून निघणारा आवाज वापरला, तेव्हा तो प्रयोगच होता. फक्त तो चित्रपटाच्या पोटात दडलेला असल्यामुळे त्याला कोणी प्रायोगिक म्हटले नाही.

खरी गंमत ‘अल्टरनेटिव्ह’ या मधल्या शब्दात आहे. पर्यायी, परंतु कशाला पर्याय? हा शब्द मुळात संगीताच्या आवाजाबद्दल नव्हताच. तो वाटेबद्दल होता. १९८० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता छोट्या स्वतंत्र कंपन्यांमार्फत ध्वनिमुद्रिका काढणारे, विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांवरून ऐकू येणारे आणि लहान सभागृहांत वाजविणारे जे बँड होते, त्यांना हे नाव मिळाले. ‘आर.ई.एम.’ या बँडचा ‘मर्मर’ हा १९८३ चा अल्बम त्यातला एक ठळक टप्पा. पुढे १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला, तो मोठ्या कंपनीच्या शिक्क्याने आला आणि जगभर प्रचंड खपला. तेव्हापासून हा शब्द एका विशिष्ट आवाजाचे लेबल बनला. ज्याला पर्याय म्हणायचे, तेच बाजारपेठेच्या मध्यभागी जाऊन बसले. ‘रेडिओहेड’ हा ब्रिटिश बँड आणि त्याचा गायक-गीतकार थॉम यॉर्क यांचे उदाहरण या प्रकाराचा नमुना म्हणून नेहमी दिले जाते. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्यांनी २००० मध्ये ‘किड ए’ हा अल्बम काढला, त्यात गिटार जवळजवळ मागे सारली. आणि २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ हा अल्बम श्रोत्यांनी हवी ती किंमत देऊन उतरवून घ्यावा, अशी मुभा दिली. पहिला प्रयोग आवाजाचा होता, दुसरा वाटेचा.

मजुरीचे विणकाम

हा भेद भिवंडीकराला इतर कोणाहीपेक्षा लवकर कळावा. येथील असंख्य यंत्रमागधारक स्वतःचे कापड विणत नाहीत. व्यापारी सूत देतो, सायझिंगमधून तयार बीम येते, मागावर कापड निघते आणि कोऱ्या अवस्थेतच ते व्यापाऱ्याकडे परत जाते. मागधारकाला मिळते ती मजुरी, आणि तीही पिकाच्या हिशेबाने, पैशांत मोजलेली. माग त्याचा, शेड त्याची, विजेचे बिल त्याचे, परंतु कापड त्याचे नाही. बाजारात भाव चढला तर नफा व्यापाऱ्याचा. उतरला तर मात्र काम बंद पडून झळ मागधारकाला.

दुसऱ्याची गाणी वाजविणारा बँड नेमका याच अवस्थेत असतो. वाद्ये त्याची, घाम त्याचा, गाणे मात्र दुसऱ्याचे. १९७० आणि ८० च्या दशकांतील मुंबईचे बहुतेक रॉक बँड असे मजुरीवरच होते. इंग्लंड-अमेरिकेतील गाजलेली गाणी जशीच्या तशी उतरविण्यात त्यांचे कसब पणाला लागे, आणि श्रोत्यांचीही तीच अपेक्षा असे. गायक-गीतकाराच्या नेतृत्वाखालील बँड म्हणजे याच्या उलट व्यवस्था. एक व्यक्ती शब्द आणि चाल घेऊन येते, बाकीचे त्यावर आपापले धागे विणतात, आणि तयार झालेले कापड त्या सर्वांचे असते. नेतृत्व म्हणजे मंचावर मध्ये उभे राहणे नव्हे. सूत कोठून येते, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे कोणी केले? या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर भिवंडीच्या दक्षिणेला, गोव्यातील शिवोली गावात सापडते.

शिवोलीचे चार ट्रॅक

रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ चा. वास्तुशास्त्राचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयात घेतले आणि त्याच काळात ‘द सॅव्हेजेस’ या मुंबईतील नावाजलेल्या बँडमध्ये ते वाजवीत होते. १९७७ ते १९८० या काळात त्यांनी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या वाहनाने प्रवास केला, रस्त्यांवर गाणी म्हटली, तेथील वादकांबरोबर वाजविले. नंतर ते गोव्यात परतले. तेथे बसून त्यांनी जे केले ते त्या काळी देशात जवळजवळ कोणी करीत नव्हते. त्यांनी आपली गाणी घरातच ध्वनिमुद्रित केली.

त्यासाठी त्यांच्याकडे होते चार ट्रॅकचे कॅसेट रेकॉर्डर. हे यंत्र काय होते ते समजून घेणे उद्बोधक आहे, कारण एकेकाळच्या स्वतंत्र संगीताचा सारा डोलारा अशाच यंत्रांवर उभा होता. साध्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात. दोन पट्टे एका बाजूचे, डाव्या-उजव्या कानासाठी. आणि दोन दुसऱ्या बाजूचे, जे कॅसेट उलटल्यावर वाजतात. टीॲक या जपानी कंपनीने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र बाजारात आणले, त्यात हे चारही पट्टे एकाच दिशेने वाचण्याची आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे मुद्रण करण्याची सोय होती. परिणामी एकटा माणूस पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवू शकतो, फीत मागे नेऊन ती ऐकत ऐकत दुसऱ्यावर बास वाजवू शकतो, मग तिसऱ्यावर ताल. हे तीन मिसळून चौथ्या पट्ट्यावर एकत्र उतरविले की पहिले तीन पुन्हा मोकळे होतात आणि त्यांवर बासरी, आवाज, आवाजाची जोड असे काहीही चढविता येते. अडचण एवढीच, की प्रत्येक मिसळणीगणिक फितीची खरखर वाढते आणि एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. म्हणजे गाणे कसे असणार, हे आधीच मनाशी पक्के असावे लागते. बीम मागावर चढल्यानंतर उभे धागे बदलता येत नाहीत, तसेच हे. चार ट्रॅकची मर्यादा ही हलकी गोष्ट नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ‘बीटल्स’चा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवरच, याच मिसळणीच्या पद्धतीने तयार झाला होता. अर्थात ती यंत्रे लंडनच्या स्टुडिओतील होती, फीत रुंद होती आणि दिमतीला निष्णात अभियंते होते. शिवोलीत एकच माणूस वादक, गायक, गीतकार आणि अभियंता होता.

या घरगुती उद्योगातून १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट निघाली. सर्व वाद्ये, सर्व आवाज रेमो यांचे. मुंबईच्या कंपन्यांची वाट न पाहता त्यांनी ती स्वतःच काढली आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून गोव्यातील दुकानदादुकानांत स्वतः नेऊन दिली. पुढल्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये त्यांनी जुन्या गोमंतकीय गीतांना नवा साज चढविला. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ या चित्रपटातून त्यांचा आवाज आणि चेहरा गोव्याबाहेर पोहोचला. १९८६ मध्ये अमली पदार्थांच्या विळख्यावरील ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ हे अल्बम आले, त्याच वर्षी ‘जलवा’ या चित्रपटाच्या शीर्षकगीताने ते हिंदी श्रोत्यांना ठाऊक झाले.

येथे तारखांकडे लक्ष वेधावेसे वाटते. अमेरिकेत ‘पर्यायी’ हा शब्द विद्यापीठांच्या रेडिओवर रुळत होता, त्याच वर्षांत गोव्यात एक माणूस पर्यायी वाटेने, स्कूटरवरून, स्वतःच्या गाण्यांची विक्री करीत होता. त्याला ते नाव कोणी दिले नाही एवढेच. नाव नंतर येते, काम आधी असते.

रेमो यांच्या गाण्यांत इंग्रजी, कोंकणी, पोर्तुगीज, हिंदी अशा अनेक भाषा नांदल्या, पण विषय बहुतांशी पायाखालच्या जमिनीचे होते. गोव्याचा पाऊस, बेबंद पर्यटन, राजकारण. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यातील एका समारंभात त्यांच्याच उपस्थितीत रेमो यांनी त्यांना उद्देशून लिहिलेले गाणे गायिले, आणि त्यात चार खडे बोलही होते. स्थानिक वर्तुळात त्यावर टीका झाली. राजीव गांधींनी मात्र पत्र पाठवून गाणे आवडल्याचे कळविले. सुपारीचे गाणे वाजविणाऱ्याला हे स्वातंत्र्य नसते. यजमानाला काय ऐकायचे आहे तेच त्याने वाजवायचे असते.

पुढे १९९५ च्या ‘बॉम्बे’ चित्रपटातील ए. आर. रहमान यांचे गाणे आणि १९९८ च्या ‘प्यार तो होना ही था’चे शीर्षकगीत यांनी त्यांना घराघरांत नेले. २००७ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली आणि २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मात्र चित्रपटातील ती गाणी ऐकून रेमो यांना ओळखणाऱ्या पिढीला स्कूटरवरील कॅसेट ठाऊक नाही. त्यांच्या कामाचा गाभा तेथे आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

नाव बदलणारा बँड

रेमो हे एका अर्थाने एकट्याचाच बँड होते. चार-पाच जणांनी मिळून मजुरीवरून स्वतःच्या कापडाकडे जाण्याचा प्रवास पाहायचा तर मुंबईच्या ‘रॉक मशीन’कडे वळावे लागते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या बँडमध्ये गिटारवादक महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया, बासवादक मार्क सेल्विन अशी मंडळी होती. प्रारंभी तेही दुसऱ्यांची गाणी वाजवीत. १९८८ मध्ये त्यांनी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. गाणी स्वतःची असली तरी आवाज आणि पेहराव पश्चिमेचाच होता, हे नावावरूनच कळते. परदेशी बँडसारखे दिसणे-वाजणे ही त्या काळी प्रतिष्ठेची बाब होती.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या आणि मुंबईचा बँड व जगभरचे बँड एकाच पडद्यावर लागोपाठ दिसू लागले. अशा वेळी नक्कल कितीही उत्तम असली तरी उघडी पडते. १९९३ मध्ये या बँडने प्रस्थापित झालेले नाव टाकून ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव घेतले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. बाजाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच होता. दहा वर्षांची ओळख कोणी पुसून टाकते काय? पण सिंधूचे नाव घेण्यामागे आपण कोठले, हा प्रश्न उघडपणे उभा करण्याचे धाडस होते. १९९७ मध्ये बँड विखुरला. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा नवा संच उभा केला, त्यात भारतीय संगीताचे धागे अधिक मोकळेपणाने आले. २०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. सतरा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकावेत. पहिल्यात उत्तर शोधण्याची धडपड आहे. दुसऱ्यात सिद्ध करण्याजोगे काही उरलेले नाही.

या दोन्ही उदाहरणांत एक उणीव मराठी वाचकाला खटकेल. रेमो गोव्याचे, ‘इंडस क्रीड’ इंग्रजीतले. मराठीचे काय?

पुण्यातील ‘अग्नी’ या बँडचे गिटारवादक कौस्तुभ ढवळे, म्हणजेच कोको, आणि गायक मोहन कन्नन यांनी २००७ मध्ये पहिला अल्बम काढला, तो हिंदीत. मुंबई-ठाणे परिसरातील ‘अभंग रिपोस्ट’ हा तरुणांचा संच संतांचे अभंग गिटार-ड्रमच्या साथीने सादर करतो, आणि त्याला मिळणारा प्रतिसाद मोठा आहे. परंतु तेथेही सूत संतांचे आहे. ते जगातील उत्तमांतले उत्तम सूत आहे, हे कोण नाकारील? तरीही आजच्या मराठी तरुणाने आपल्या आजच्या जगण्यावर लिहिलेल्या रॉक गीतांचा साठा त्या तुलनेत फार तुटपुंजा आहे.

आश्चर्य याचे वाटते की गायक-गीतकाराच्या नेतृत्वाखालील संच ही कल्पना महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. शाहीर आणि त्याचा फड म्हणजे दुसरे काय? अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे ‘लाल बावटा कलापथक’ १९४० च्या दशकात गिरणगावात आपलीच कवने, आपल्याच चालीत, आपल्याच प्रश्नांवर गात होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख प्रौढपणी झाली. त्यांनी गीते रचली ती हजारांच्या संख्येने, आणि गावोगाव स्वतः गाऊन ती लोकांच्या तोंडी बसविली. कंपनी नाही, स्टुडिओ नाही, वितरक नाही. पर्यायी वाट याहून वेगळी ती कोणती? गिटार हाती घेतलेल्या तरुणाला आपला पूर्वज सिएटलमध्ये शोधावा लागतो, हा आपल्या सांगीतिक शिक्षणातला दोष आहे.

कागदावर काय असते

आता थोडे रूक्ष, पण त्या टपरीवरील तरुणांना सर्वाधिक उपयोगाचे. स्वतःचे गाणे स्वतःचे राहते ते कसे?

भारतीय कायद्यानुसार गाणे रचले आणि लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवले, की त्यावरील स्वामित्वहक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. वाद झाल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. एका गाण्यात हक्क अनेक असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. पहिले दोन हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. बँड फुटतात ते बहुधा याच मुद्द्यावर. चाल कोणाची, हे मैत्रीच्या दिवसांत कोणी लिहून ठेवीत नाही आणि गाणे चालल्यावर सर्वांना ती आपली वाटते. म्हणून पहिल्या सरावाच्या वेळीच एका वहीत कोणाचे शब्द, कोणाची चाल हे तारखेसह लिहून सर्वांनी सही करावी. एवढ्या साध्या कागदाने पुढचे मोठे भांडण टळू शकते.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. तोंडी व्यवहाराने स्वामित्व हस्तांतरित होत नाही. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतीच. याहून महत्त्वाचा बदल २०१२ च्या दुरुस्तीने झाला. त्यापूर्वी गीतकार-संगीतकार एकरकमी मोबदला घेऊन सारे हक्क निर्मात्याच्या नावे लिहून देत आणि गाणे पुढे कितीही वर्षे वाजले तरी त्यांच्या हाती काही पडत नसे. नव्या तरतुदीनुसार स्वामित्वधनाचा समान वाटा मिळविण्याचा त्यांचा हक्क ते करारानेही सोडून देऊ शकत नाहीत. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे दाखविले जाणे एवढाच काय तो अपवाद. हा वाटा आपल्या वारसांना किंवा हक्कवसुली करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला सोपविता येतो, अन्य कोणाला नाही. पिकावर मजुरी घेणाऱ्या मागधारकाला कापडाच्या अंतिम किमतीत वाटा देणारा कायदा झाला असता तर जी उलथापालथ झाली असती, तशीच ही आहे. मागधारकांसाठी तो झालेला नाही.

दुसऱ्यांची गाणी वाजविणाऱ्यांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. धार्मिक विधींत तसेच लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणे वाजविणे हा हक्कभंग ठरत नाही, असे कायदाच सांगतो. बेंजो पार्टीला हळदीत मोकळीक आहे ती या कलमामुळे. तेच गाणे तिकीट लावून सभागृहात वाजविले तर परवाना लागतो, आणि त्याचे नवे ध्वनिमुद्रण करून विकायचे तर मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबून, आगाऊ सूचना देऊन आणि स्वामित्वधन भरूनच ते करता येते.

राहिला प्रश्न जागेचा. मुंबईत धोबीतलावचे रंगभवन हे एकेकाळी रॉकचे माहेरघर होते. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव तेथे गाजला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले, आणि तेथील जलसे थांबले. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावायचा तर तो बंदिस्त सभागृहातच. तरुण मुलांना सरावाला जागा मिळत नाही, यामागे शेजाऱ्यांचा दुष्टावा नसतो, घरे खेटून असतात.

भिवंडीत या साऱ्याला एक विचित्र बाजू आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. कामगार एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून आणि खुणांनी बोलतात, आणि अनेकांच्या श्रवणशक्तीवर त्याचा कायमचा परिणाम होतो. एक माग मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे वेळा धोटा फेकतो. रॉकमधील वेगवान गाण्यांची लय नेमकी याच पट्ट्यात असते. शेजारी-शेजारी चालणारे दोन माग कधीच अगदी एका लयीत नसतात; काही क्षण त्यांचे ठोके जुळतात, मग हळूहळू सुटतात, पुन्हा जुळतात. आधुनिक संगीतातील कित्येक प्रयोगकर्त्यांनी हाच परिणाम मुद्दाम घडवून आणण्यासाठी कष्ट घेतले आहेत. बर्लिनमध्ये १९८० साली स्थापन झालेल्या एका बँडने तर पत्रे, ड्रिल आणि भंगार हीच आपली वाद्ये मानली. ‘आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’ हे त्याचे नाव. अर्थ, कोसळणाऱ्या नव्या इमारती. सप्टेंबर २०२० मधील जिलानी इमारतीची दुर्घटना पाहिलेल्या या शहराला ते नाव केवळ कविकल्पना वाटणार नाही.

टपरीवरील त्या तरुणांपैकी एकाचे वडील मागावर काम करतात. शेडमधला आवाज मोबाइलवर मुद्रित करून त्यावर गिटार वाजवून पाहिली आहे काय, असे विचारले असता तो हसला. ‘तो आवाज घरी आणायचा नाही, असे आई म्हणते,’ एवढेच तो म्हणाला. दुसऱ्याने लगेच मागाची लय टेबलावर बोटांनी धरून दाखविली. ती अचूक होती. दरम्यान शहरात धोट्याचे माग भंगारात निघत आहेत आणि त्यांच्या जागी बिनधोट्याचे रेपिअर माग येत आहेत. त्यांचा आवाज वेगळा आहे. जुना ठोका मुद्रित करायचा असेल, तर शांतीनगर आणि नारपोलीच्या गल्ल्यांतून तो अद्याप ऐकू येतो.